शंखपरीक्षेत पुणे प्रथम

२ जानेवारी, गुरुवार. नेकनूर

आज मधल्या सुट्टीत शिक्षककक्षात एका महत्कार्याचा जन्म झाला. प्रसूती सुखरूप, पितृत्व निर्विवादपणे माझे.

या महिन्याच्या एकोणीस तारखेस आमच्या विद्यालयाचा माजी विद्यार्थी मेळावा आहे. संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांची आज्ञा अशी की, या खेपेस शाल-श्रीफळापलीकडचे काहीतरी हवे. "सर, माईक तुमच्याच हातात ऱ्हानार हाय, तवा तुमीच बघा," असे ते म्हणाले. माईक अन्य कोणाच्या हाती जाईल ही कल्पना मला करवत नाही. या पंचक्रोशीतील विवाह, सत्कार, उद्घाटन आणि श्रद्धांजली या चतुर्विध कार्यांचे निवेदन याच कंठातून होत आले आहे. वर्गात मी संस्कृत शिकवतो, तेव्हा विद्यार्थी खिडकीबाहेर पाहतात. मंडपात मी आहेर वाचतो, तेव्हा माणसे हातातला घास हातातच धरून ऐकतात.

विषय एका कलहातून सुचला. गणिताचे शिक्षक म्हणाले की पुण्यास गेलेली आपली पोरे वाळून परततात. व्यायामशिक्षक म्हणाले, वाळतात ती मुंबईची, पुण्याची सुटतात. तिसऱ्याचा मेहुणा सुरतेस असून तो हल्ली दारातून तिरका आत येतो असे त्याने सांगितले. वाद अनिर्णित राहणे माझ्या प्रकृतीस मानवत नाही. मी उठून घोषणा केली की पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद आणि सुरत येथे राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या आरोग्याची तौलनिक परीक्षा घेऊन सर्वांत निरोगी महानगराचे नाव मेळाव्यात जाहीर करण्यात येईल.

आमचे चिरंजीव आदिनाथ पुण्यातील एका कारखान्यात अभियंता आहेत. परीक्षक म्हणून मी अर्थातच निःपक्षपाती राहीन.

६ जानेवारी, सोमवार

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप समूहावर आवाहन केले: रक्तदाब, रक्तशर्करा, वजन आणि निद्रेचा अवधी सत्वर कळवावा. हैदराबादेस राहणाऱ्या संस्कृती या माजी विद्यार्थिनीने वजनाच्या रकान्यात केवळ "सर, बिर्याणी" असे लिहिले. मुंबईच्या प्रविणने निद्रेपुढे "कधी?" असा प्रतिप्रश्न केला. सुरतकर अद्याप मौन धरून आहेत.

आदिनाथला पुनःपुन्हा स्मरण द्यावे लागले. अखेरीस त्याचे आकडे आले आणि माझे परीक्षकपण सार्थकी लागले. रक्तदाब पाठ्यपुस्तकातला, शर्करा आदर्श, वजन भरभक्कम. दिवाळीत आला होता तेव्हा सदरा त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. अल्पावधीत पुण्याने त्यास इतके पुष्ट केले, हे त्या नगरीचे श्रेय मानावे लागेल. ते आकडे मी शिक्षककक्षात दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्यांदा कोणी विनंती केली नव्हती.

९ जानेवारी, गुरुवार

आकडे कोणीही पाठवू शकतो. प्राणशक्ती पाठवता येत नाही. म्हणून मेळाव्यात प्रत्येक महानगराचे प्रतिनिधी शंख फुंकतील, आणि ज्याचा नाद दीर्घ त्याचे फुप्फुस बलवान असे मानले जाईल. लिंबागणेशच्या एका गृहस्थांकडून घरचा शंख मागून आणला आहे.

सायंकाळी ही योजना कासमला ऐकवली. कासमचे बसस्थानकासमोर फळांचे दुकान आहे. आम्ही एका बाकावर शिकलो. त्याचा तौसीफ आणि आमचा आदिनाथ पुण्यात एका खोलीत राहतात. कासम म्हणाला, "सर, शंख फुंकून तब्येत कळती व्हय? आन् येकाच शंखाला सगळ्यांनी तोंड लावायचं?" मी म्हणालो, प्रत्येक फुंकेनंतर प्रक्षालन होईल. त्याने विचारले, आदिनाथही फुंकणार का. मी म्हणालो, प्रथम मान त्याचाच.  पुसून ठेवलेली डाळिंबे कासम पुन्हा पुसत बसला. वयपरत्वे माणसाचा उत्साह ओसरतो, हेच खरे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

गृहस्वामिनी तुळजाबाई यांचे पुण्यास रसदपुरवठ्याचे कार्य अखंड चालू आहे. तूप, डिंकाचे लाडू, खजूर असे काहीतरी दर आठवड्यास कासमच्या ओळखीच्या वाहकामार्फत जाते. आज त्या पिशवीत भुश्शात ठेवलेली गावरान अंडी दिसली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंड्याचा प्रवेश नाही. विचारले तेव्हा म्हणाल्या, हजराबीनं तौसीफला धाडलीत. कासमच्या पत्नीने स्वतःच्या मुलाची अंडी आमच्या लाडवांच्या पिशवीत कशासाठी घातली, हा प्रश्न मी सणाच्या दिवशी वाढवला नाही.

दुपारी आदिनाथचा दूरध्वनी आला. मेळाव्यास येतो म्हणाला. "अण्णा, थोडं बोलायचंय. घरी, आपण तिघंच. आधी कुणाला काही सांगू नका." बोलता बोलता त्यास दीर्घ खोकला आला. मी पुण्याच्या धुळीचे निदान करून सितोपलादि चूर्णाची मात्रा सांगितली.

घरी, तिघेच, कुणाला सांगू नका: या त्रिसूत्रीचा अर्थ लावण्यास पाणिनी नको. कन्या त्याने निवडली आहे. कुळ कोणते, एवढेच कळायचे बाकी.

कोणास न सांगण्याची अट मी तंतोतंत पाळली. भगवानरावांना केवळ "शुभवार्ता संभवते" इतकेच सूचित केले. संध्याकाळी त्यांचा वाहनचालक सटवा याने रस्त्यात माझे अभिनंदन करून पेढे मागितले.

१९ जानेवारी, रविवार

मेळावा अभूतपूर्व झाला. हे माझे मत नव्हे, भगवानरावांचे आहे. मी केवळ त्यांना ते माईकवर म्हणायला लावले.

सभागृह भरून माणसे व्हरांड्यात उभी होती. संभाजीनगरच्या दोघांनी शंखातून बैलगाडीच्या आखासारखा ध्वनी काढला. संस्कृतीने असा नाद घुमवला की हैदराबादेविषयी माझे मत बदलण्याची वेळ आली. सुरतेचे कोणी आलेच नाही. मी सुरतेस गैरहजेरीचा शून्य गुण दिला.

मग मुंबईचा प्रविण उठला. हा वर्गातही उत्तर देण्यापूर्वी खोकत असे. त्याने शंख ओठांस लावला, गाल फुगवले, आणि नादाऐवजी खोकल्याची अशी उबळ आली की शंख हातातून सुटता सुटता राहिला. असा क्षण निवेदकास जन्मात एकदा लाभतो. मी म्हणालो, "सभाजनहो, मुंबापुरीस क्षय जडला आहे. सुज्ञांनी चार हात दूर सरावे, आणि या रोग्याचे ताट वेगळे वाढावे." सभागृह हसून लोटपोट झाले. प्रविणही हसला. पहिल्या रांगेतील एकाने खरोखरच खुर्ची मागे सरकवली, त्यावर पुन्हा हशा. मी ते वाक्य थोड्या फरकाने आणखी दोनदा म्हटले.

आदिनाथ मात्र आला नाही. दुपारी निरोप आला की ऐनवेळी सुट्टी रद्द झाली. मी त्याचे आकडे त्याच्या अनुपस्थितीत वाचले. पुण्याच्या अन्य दोघांनीही शंख उत्तम फुंकला होता. सबब पुणे प्रथम, हैदराबाद द्वितीय. मुंबई अतिदक्षता विभागात.

सटवा म्हणाला की आदिनाथला त्याने शाळेच्या फाटकापाशी पाहिले. मी त्यास म्हटले, अशा दृष्टीच्या माणसाने भगवानरावांची गाडी चालवणे हा तालुक्याच्या राजकारणास धोका आहे.

गृहस्वामिनी बायकांच्या रांगेत होत्या. घरी आल्यावर डोके दुखते म्हणून भिंतीकडे तोंड करून निजल्या. अति हसण्यानेही मस्तकशूळ उद्भवतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

पाच दिवस आदिनाथ दूरध्वनी उचलत नाही. "कामात आहे", "नंतर करतो" असे संदेश तेवढे येतात. विवाहाची वार्ता लांबणीवर पडल्याने तो रुसला असावा.

भगवानरावांनी उत्तम सूचना केली: परीक्षेचा वृत्तांत बीडच्या दैनिकात द्यावा, सोबत सर्वांत निरोगी माजी विद्यार्थ्याचे छायाचित्र. 'महानगरात राहूनही निरामय: नेकनूरचा आदिनाथ' असा मथळा मी योजला आहे. गृहस्वामिनींकडे त्याचा अलीकडचा फोटो मागितला. त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटले, तुमच्या भ्रमणध्वनीत असेल. त्या म्हणाल्या, असला तरी नाही. स्त्रियांना कीर्तीचे भय वाटते.

कासमकडे तौसीफने पाठवलेला असेल. उद्या विचारतो.

२५ जानेवारी, शनिवार

कासमने फोटो दिला नाही. मी मथळा वाचून दाखवला. त्याने गिऱ्हाईकाला वाटेस लावले, मला दुकानाच्या आत नेऊन पेटीवर बसवले आणि म्हणाला, "सर, छापू नका. पोराची चेष्टा व्हईल."

मी विचारले, कशी.

त्याने एकदा दुकानाबाहेर पाहिले. मग म्हणाला, "मी जबान दिलती. आता मोडतो. आल्ला माफ करील. आदिनाथ करील का न्हाई, ठाव न्हाई. त्याला टीबी हाय."

दिवाळीनंतर निदान झाले, तेव्हापासून तो रजेवर आहे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत, उतार पडतो आहे, आता त्याच्यापासून इतरांस धोका नाही असे डॉक्टर म्हणाले. तौसीफचीही तपासणी झाली, तो निर्दोष आहे. तौसीफच त्याला रोज समोर बसवून गोळ्या देतो. कासम हे सर्व सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून सांगत होता, आणि मी मूर्खासारखा विचारत होतो की मग त्याचे आकडे इतके उत्तम कसे.

"सर," तो म्हणाला, "मेळाव्याला आलतं ते पोरगं. त्या दिवशी तुमाला सांगनार होतं. दाराशी हुबं होतं. तुमी त्या मुंबईवाल्याला क्षय क्षय म्हनत होते. समदे हसत होते. माघारी माझ्या दुकानावर आलं. पानी पिलं. मी इचारलं, सरांना भेटला का? तर म्हनलं, भेटलो. आन् पुन्याच्या गाडीत बसलं."

मी घरी आलो. तुळजाबाई गहू निवडत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवले. त्यांना ठाऊक होते. हजराबीला ठाऊक होते. अंडी कोणासाठी जात होती हे बसच्या वाहकासही ठाऊक असावे. मी विचारले, मलाच का नाही.

"आवो, तुमाला सांगितलं आसतं तर सोमवारी परिपाठात आलं आसतं." त्या रागावल्या नव्हत्या. पाऊस येणार हे सांगावे तशा म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "लेकराला तीच भीती होती. मलाबी होती."

प्रत्युत्तर सुचले नाही. हे वाक्य माझ्या दैनंदिनीत प्रथमच येत आहे.

२६ जानेवारी, रविवार

ध्वजवंदनाचे निवेदन व्यायामशिक्षकांनी केले. घसा बसला आहे असे मी सांगितले. ते खोटे होते. माईक समोर आला तेव्हा मी विद्यार्थ्यांच्या मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

कार्यक्रमानंतर प्रविणला दूरध्वनी केला. त्याच्या खोकल्याची विचारपूस करावी, क्षमा मागावी असा हेतू होता. तो हसत म्हणाला, सर, तुम्ही मनावर कशाला घेता, मुंबईत सगळेच खोकतात. पुढे सहज म्हणाला की त्या दिवसापासून त्याची आई त्याला तपासून घे म्हणून मागे लागली आहे. मी म्हणालो, तपासून घे. तो म्हणाला, "सर, तुमी बी मनावर घेतलं व्हय?" मी म्हणालो, होय.

समूहावर लिहिले: महानगरांची आरोग्यतुलना सदोष असल्याने मी ती मागे घेत आहे. संस्कृतीने तात्काळ हैदराबादेस प्रथम क्रमांक मागितला. कोणी विचारले, दोष काय. मी दीर्घ उत्तर लिहिले आणि पुसून टाकले; कारण खरे उत्तर देणे म्हणजे पुन्हा तेच करणे. इथे लिहितो. मी पाच महानगरे मोजली नाहीत. जे एसटीत बसून इथवर येऊ शकले, सर्वांसमोर शंख फुंकण्याचे ज्यांना भय नव्हते, त्यांनाच मोजले. जो कोणत्याही शहरात खोलीचे दार लावून पडला आहे तो मेळाव्यास येत नाही, आणि आला तर दारातून परत जातो. सुरतेस मी शून्य दिला. सुरतेची पोरे का आली नाहीत, हे विचारले नाही.

भगवानरावांचा दूरध्वनी आला. वृत्तांत कशापायी थांबवला, म्हणाले. मी म्हणालो, तब्येत ठीक नाही. कोणाची, म्हणाले. मी म्हणालो, वृत्तांताची. सवय जात नाही. दूरध्वनी ठेवल्यावर स्वतःची किळस आली.

२८ जानेवारी, मंगळवार. पुणे

काल शाळेतून रजा घेतली, आज सकाळच्या गाडीने आलो. मांजरसुंब्यापासून नगर ओलांडेपर्यंत मनात एक भाषण रचत होतो. प्रारंभी वात्सल्य, मध्ये पश्चात्ताप, अंती धैर्यदान. उत्तम झाले होते.

दार तौसीफने उघडले. भरदार, गोरटेला, रुंद छातीचा मुलगा. त्याला पाहताच कळले की पुण्यास प्रथम क्रमांक कोणी मिळवून दिला. आदिनाथ खाटेवर बसून भाजी निवडत होता. मनगटे काड्यांसारखी. तो दचकला नाही, उठला नाही; कासमने आधीच कळवले असावे.

"कुणाला सांगितलंत?" हे त्याचे पहिले शब्द. कसे आलात नव्हे, केव्हा निघालात नव्हे.

मी म्हणालो, कुणालाही नाही.

त्याने तौसीफकडे पाहिले. तौसीफने माझ्याकडे. एखादा विद्यार्थी गृहपाठ घरी राहिला म्हणतो तेव्हा मी असेच पाहतो. विश्वास त्यांनी ठेवला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता.

भाषण झाले नाही. चहा झाला. तौसीफ पाणी भरायला गेला तेव्हा मी म्हणालो, त्या दिवशी मला ठाऊक नव्हते. आदिनाथ म्हणाला, "ठाऊक नव्हतं म्हणूनच खरं बोललात ना, अण्णा. ठाऊक असतं तर गोड बोलला असतात." तो शांतपणे देठ खुडत होता. "आणि ते आकडे तौसीफचे होते. माझे दिले असते तर तुम्ही कारण विचारलं असतं. नसते दिले तर समूहावर माझं नाव घेतलं असतं."

दोन्ही विधाने सत्य. मी मेथीची एक काडी उचलली आणि निवडू लागलो. त्याने ती काढून घेतली नाही, एवढेच आजच्या दिवसाचे पुण्य.

तौसीफने नंतर जिन्यात गाठून सांगितले: "चाचा, एक ध्यानात ठेवा. घरमालकाला माहीत नाही. खालच्या खोलीतल्याला कावीळ झालती तर आठवड्यात खोली खाली करायला लावली त्यानं. आता कुठं बरा व्हायलाय आदिनाथ, आता जागा शोधत हिंडला तर पुन्हा पडंल." जाता जाता म्हणाला, "तुमचा आवाज लई मोठा हाय."

३० जानेवारी, गुरुवार

इथे मी कुजबुजत बोलतो. बोलणे मुळात थोडेच होते. आदिनाथ दुपारी झोपतो, तेव्हा मी खुर्चीत बसून त्याचा श्वास ऐकतो. असा मी तो तान्हा असतानाही ऐकला नव्हता. तेव्हा मी कोणाच्या तरी बारशाचे निवेदन करीत असे.

काल त्याला म्हटले, दवाखान्यात देखरेख करणारा म्हणून तौसीफचे नाव दिले आहेस, ते बदलून माझे दे. तो म्हणाला, "राहू द्या अण्णा." मी आग्रह केला नाही. राहू दिले.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दूध आणि अंडी आणायला खाली गेलो होतो. अंडी मी स्वतः मागितली; दुकानदाराने काहीही आश्चर्य व्यक्त केले नाही. परतताना दुसऱ्या मजल्यावर घरमालकांनी वाट अडवली. साठीचे, स्वच्छ बनियनमधले, हातात वर्तमानपत्र. म्हणाले, काल तुमच्या खोलीत दवाखान्यातली बाई येऊन गेली. कोण आजारी आहे?

वरच्या जिन्यावर आमचे दार अर्धे उघडे होते.

"मी," मी म्हणालो.

"काय होतंय?"

"रक्तदाब."

त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिले आणि समाधान झाल्यासारखे दिसले. मग बीडकडचे लोक ठेचा फार खातात, मीठ फार खातात, उगाच मोठ्याने बोलतात आणि त्यानेच रक्त चढते, असे सविस्तर सांगितले. सकाळी लसूण चावून खा म्हणाले. लसूण आणि रक्त यांविषयी आयुर्वेदात काय म्हटले आहे ते मला मुखोद्गत आहे, आणि त्यांचे म्हणणे अर्धे चूक होते. मी मान हलवली. ते म्हणाले, आणि कमी बोला. मी पुन्हा मान हलवली.

वर आलो. आदिनाथ दाराआड उभा होता. दूध माझ्या हातातून घेतले. चेहऱ्यावर हसू नव्हते. परंतु गेले पाच दिवस जे कवाड लावलेले होते ते किंचित किलकिले वाटले. हेही मी माझ्या सोयीने वाचत असेन.

"अण्णा," तो म्हणाला, "खोटं बोलताना तुम्ही किती थोडं बोलता."

 त्याने दूध गॅसवर ठेवले आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "सोमवारपासून तौसीफची सकाळपाळी आहे. गोळी घेताना समोर कुणीतरी असावं लागतं. तुम्ही असाल?"

"असेन."

पुढचे वाक्य तयार होते. ते मी त्याला म्हटले नाही, आणि इथेही लिहीत नाही.